श्योकच्या काठची चार गावे

देशावरच्या कोणत्याही खेड्यास शीव असते. ती कोणी नकाशावर काढिलेली नसते. एखादा ओढा, एखादी बाभळ, शेंदूर फासलेला एखादा म्हसोबा, एवढ्यावर तिचे काम भागते. नवरदेव शिवेपाशी आला म्हणजे नारळ फुटतो, आणि कोणाचे गुरू चुकून पलीकडच्या पिकात शिरले तर प्रकरण कोंडवाड्यापर्यंत जाते. परंतु शिवेपलीकडे आपली लेक दिलेली आहे आणि शिवेपलीकडचीच सून आपल्या चुलीपाशी बसली आहे, हे भांडणाच्या ऐन भरातही कोणी विसरत नाही. शीव ही ओलांडण्यासाठीच असते, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. राष्ट्रांच्या सीमांचा मात्र आम्हा दख्खनी लोकांस अनुभव नाही. आमच्या प्रांताची एक बाजू समुद्राने राखिली आहे आणि उरलेल्या बाजूंस आपल्यासारखीच माणसे राहतात. भाषावार प्रांतरचनेच्या रेषेवरून आम्ही हिरीरीने भांडतो, हे खरे; पण त्या भांडणापायी सख्खा भाऊ सख्ख्या भावास पन्नास वर्षे अंतरला, असे आमच्या ऐकिवात नाही. ते ऐकावयाचे असेल तर फार उत्तरेस जावे लागते.

आम्ही गेलो तो २०२३ सालचा सप्टेंबर होता. बरोबर आमचे एक स्नेही होते. ते शाळेत भूगोल शिकवीत असत आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा तो रोग बरा झालेला नाही. लेहहून नुब्रा खोऱ्यात उतरावयाचे तर खारदुंग ला ओलांडावा लागतो. ‘ला’ म्हणजे खिंड. या खिंडीच्या माथ्यावर १८,३८० फूट अशी उंची लिहिलेली पाटी वर्षानुवर्षे मिरवत आली आहे आणि तिच्यापाशी उभे राहून लोक आपली छबी काढून घेतात. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांहून थोडी अधिक. पर्वताला आठशे फूट बक्षीस देणारा हा उदार गृहस्थ कोण, या प्रश्नाने आमच्या स्नेह्यांस इतके ग्रासले की विरळ हवेचा त्रास त्यांस जाणवलाच नाही. आम्हांस मात्र तो चांगलाच जाणवला. दहा पावले चालावे आणि दगडावर टेकावे, असा प्रकार झाला.

खिंड उतरून श्योक नदीचे पात्र दिसू लागले की आपण एका जुन्या हमरस्त्यावर आलो, हे कोणीतरी सांगावे लागते. कारण आज तो रस्ता कोठेच जात नाही. लेहहून यारकंदास जाणारे तांडे याच खोऱ्यातून वर चढत. पुढे सासेर ला आणि त्याहीपुढे अठरा हजार फुटांवरचा काराकोरमचा घाट ओलांडून महिनाभराच्या वाटचालीने ते मध्य आशियात उतरत. वाटेत गवताची काडी नाही, सरपण नाही; मेलेल्या घोड्यांच्या आणि खेचरांच्या हाडांवरून वाट ओळखावी, असे त्या मार्गाने गेलेल्या बहुतेक प्रवाशांनी लिहून ठेविले आहे. तरीही माणसे जात. तिकडून रेशीम, नमदे, गालिचे आणि चरस येई. इकडून कापड, मसाले, नीळ आणि पोवळी जात. होशियारपूरच्या पंजाबी लालांच्या पेढ्या लेहात होत्या. यारकंदी व्यापारी हिवाळा लेहास काढीत, तेथेच घरोबा करीत, आणि त्यांच्या लडाखी बायकांपासून झालेल्या संततीचा ‘अर्गोन’ नावाचा एक निराळा समाजच तेथे निर्माण झाला. १९४९ मध्ये चीनमध्ये राज्यक्रांती झाली आणि हा सारा व्यवहार थांबला. त्याची एक खूण नुब्रात अजून हिंडते. ती म्हणजे दोन मदारींचे उंट. तांड्याबरोबर आलेले काही उंट इकडेच राहिले आणि हुंदर गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत काटेरी झुडपे खाऊन त्यांची प्रजा टिकून राहिली. आता प्रवाशांस पाठीवर बसवून ते पंधरा-वीस मिनिटांचा फेरा मारतात. ज्यांच्या पूर्वजांनी काराकोरम तुडविला त्यांनी एका टेकडीभोवती फिरावे, हे पाहून हसावे की हळहळावे हे आम्हांस कळेना. उंटांच्या मुद्रेवरून त्यांसही ते कळले असावे असे वाटले नाही.

दिस्कितचा बौद्ध मठ सुमारे सहाशे वर्षांचा आहे. त्याच्या खालच्या टेकडीवर भावी बुद्धाची, मैत्रेयाची, शंभर फुटांहून उंच मूर्ती बसविली आहे. २०१० साली दलाई लामांच्या हस्ते तिचा संस्कार झाला. मूर्तीचे तोंड श्योकच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पाकिस्तानकडे आहे. शांततेसाठी ते तसे ठेविले आहे असे मठात सांगतात. त्या मूर्तीच्या दृष्टीची रेघ धरूनच आम्ही पुढे निघालो.

हुंदरच्या पुढे खोरे आवळत जाते. डाव्या हातास कडा, उजव्या हातास राखेच्या रंगाचे पाणी. श्योक या शब्दाचा अर्थ यारकंदी भाषेत मृत्यूची नदी असा सांगतात, आणि त्या पाण्याकडे पाहिल्यावर व्युत्पत्तीबद्दल वाद घालावासा वाटत नाही. मैलोगणती झाड नाही. मध्येच एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी हिरवा पंखा पसरावा तसे गाव दिसते आणि नाहीसे होते. अशा वाटेने बोगदांग हे गाव येते आणि त्याच्या आगेमागे एक पालट घडतो. वाटेवरचे पांढरे स्तूप आणि ‘मणी’च्या कोरीव दगडांच्या भिंती संपतात, मशिदींचे लाकडी सज्जे दिसू लागतात, ‘जुले’ म्हणून हात उंचावणारी मुले ‘सलाम’ म्हणू लागतात. डोंगर तेच, घरांचे दगड तेच, शेतांचे बांधही तेच. केवळ माणसांच्या प्रार्थनेची दिशा बदललेली असते. हे बाल्टी लोक. बोगदांगच्या पुढे चालुंका, तुर्तुक, त्याक्षी आणि थांग अशी त्यांची चार गावे आहेत, आणि आमचा हा लेख त्या चार गावांविषयी आहे.

या चार गावांचे वैशिष्ट्य असे की १९४९ पासून १९७१ पर्यंत ती पाकिस्तानात होती.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून याचा उलगडा होणार नाही. जम्मूच्या डोग्रा राजाचा सेनापती झोरावरसिंग याने १८३४ मध्ये लडाखवर स्वारी केली आणि १८४० मध्ये स्कर्दू घेऊन बाल्टिस्तानही त्यास जोडले. पुढे लेह, कारगिल आणि स्कर्दू यांचा कारभार एका वजारतीतून चाले. उन्हाळ्यात वजीर लेहास आणि हिवाळ्यात स्कर्दूस राही. बौद्ध आणि मुसलमान, लडाखी आणि बाल्टी, एकाच दफ्तरात सारा भरीत. १९४७-४८ च्या युद्धात स्कर्दू पाकिस्तानकडे गेले, लेह भारताकडे राहिले, आणि १९४९ साली युद्धविरामाची जी रेषा ठरली ती श्योकच्या खोऱ्यात बोगदांग आणि चालुंका यांच्या मधून गेली. मग डिसेंबर १९७१ मध्ये पुन्हा युद्ध झाले. नुब्रातीलच सुमूर गावचे मेजर चेवांग रिंचेन यांच्या हाताखाली लडाखी सैनिकांनी कडाक्याच्या थंडीत डोंगराच्या माथ्यांवरून चाल करून एकामागून एक ही गावे घेतली. या वीरास महावीर चक्र दोनदा मिळाले, पहिले १९४८ च्या युद्धात, तेव्हा ते मिसरूडही न फुटलेले पोर होते. दि. १७ डिसेंबरला युद्ध थांबले. रेषा आता थांगच्या पुढे सरकली होती. १९७२ च्या सिमला करारात तिला ‘नियंत्रण रेषा’ असे नवे नाव मिळाले आणि ती तेथेच राहिली. तुर्तुकमधील एखादा वृद्ध गृहस्थ घराचा उंबरठा न ओलांडता अशा रीतीने तीन राज्यांचा प्रजाजन झाला. परक्या प्रवाशांस तुर्तुकास जाण्याची मोकळीक २०१० साली मिळाली; तोवर चाळीस वर्षे ही गावे जगाच्या दृष्टीने नव्हतीच.

तुर्तुकचे वर्णन करण्याचा मोह आवरणे कठीण आहे. श्योकच्या पात्रावर उंच अशा एका सपाटीवर हे गाव वसले आहे. मधून एक ओढा धडधडत येतो, त्याच्या एका अंगास यूल आणि दुसऱ्या अंगास फारोल. ओढ्याचे पाणी दगडी पाटांनी दारोदार फिरविले आहे. गल्लीतून चालताना एका बाजूस कमरेएवढी भिंत, दुसऱ्या बाजूस खळखळणारा पाट आणि डोक्यावर जर्दाळूच्या फांद्या. आम्ही गेलो तेव्हा सातू निघून गेला होता आणि त्याच वाफ्यांत कुट्टूचे दुसरे पीक गुलाबी फुलोऱ्याने उभे होते. लडाखच्या बहुतेक भागात वर्षास एकच पीक निघते. तुर्तुक खाली असल्यामुळे येथे दोन निघतात आणि गावकऱ्यांस त्याचा अभिमान आहे. गच्च्यांवर जर्दाळू वाळत होते. आपण उपवासाच्या पदार्थांत गणतो त्या कुट्टूची येथे ‘किसीर’ नावाची धिरडी होतात. अक्रोड आणि जर्दाळूच्या बिया वाटून केलेल्या कालवणाशी किंवा पुदिना घातलेल्या दह्याशी ती खावयाची. आम्ही पाच खाल्ली. स्नेह्यांनी किती खाल्ली हे येथे नमूद करण्याचे कारण नाही.

घरोघर ‘नांगचुंग’ नावाची एक दगडी कोठी असते. दगडांच्या सांदींतून डोंगराकडचा गार वारा आत खेळेल अशी तिची रचना. उन्हाळ्यात लोणी आणि मांस त्यात नासत नाही. विजेच्या शीतपेटीवर आता तिच्याच शेजारी झाकण घालून ठेवलेली आम्ही पाहिली. वीज जाते, वारा जात नाही, एवढे साधे कारण घरधनिणीने दिले.

परंतु तुर्तुकात आम्हांस सर्वांत अधिक खिळवून ठेविले ते तेथील भाषेने. बाल्टी ही तिबेटी कुळातील बोली आहे, आणि गंमत अशी की ल्हासातील पंडित जे लिहितात पण उच्चारीत नाहीत ते या डोंगरातले मुसलमान शेतकरी आजही स्वच्छ उच्चारतात. सात या अंकाच्या तिबेटी लेखनात आरंभी ‘ब’ असतो. ल्हासाच्या बोलण्यात तो केव्हाच गळाला. तुर्तुकचे पोर गोट्या मोजताना ‘ब्दुन’ असे म्हणते. इस्लाम येथे आला तो सूफी साधूंबरोबर, सहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी. या गावांतील पुष्कळ लोक नूरबख्शी या सौम्य सूफी पंथाचे आहेत. पंथाबरोबर फारशी लिपी आली आणि तिबेटी लिपी विस्मरणात गेली. मात्र जुना तिबेटी वीर गेसर याची कथा गेली नाही. नमाज पढून आलेली माणसे हिवाळ्याच्या रात्री शेगडीभोवती बसून त्या बौद्धांच्या वीराचे पवाडे ऐकत आली आहेत. साऱ्या जगाने घेतलेला ‘पोलो’ हा शब्दही या बोलीतला. त्याचा अर्थ नुसता चेंडू. अलीकडे सीमेच्या दोन्ही बाजूंचे काही बाल्टी तरुण जुनी लिपी पुन्हा शिकू लागले आहेत. एका दुकानाच्या फळीवर फारशी, नागरी आणि रोमन यांच्याखाली त्या लिपीत काढलेली चार अक्षरे आम्हांस दिसली. ज्या मोडीत आमच्या पणजोबांनी हिशेब लिहिले तिचे एक ओळही वाचता न येणाऱ्या आम्हा महाराष्ट्रीयांस त्या फळीसमोर उपदेश करण्याचा अधिकार नव्हता; आम्ही फक्त दुकानदारास नमस्कार केला. पुढे २०२५ साली लडाखच्या कारभारासाठी पाच भाषा अधिकृत ठरल्या तेव्हा त्यात बाल्टीचे नाव आले नाही. ज्यांची जोपासना करावयाची त्या भाषांच्या यादीत तिला जागा मिळाली.

आमचा मुक्काम फारोलमधील एका घरी होता. घरधनी साठी उलटलेले. गावातील लहानमोठी सारी त्यांस ‘आपो’, म्हणजे आजोबा, म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आपोंचे हिंदुस्थानी बोलणे मोजके आणि सफाईदार होते. पहिल्या दिवशी त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जर्दाळूच्या बिया दगडाने फोडीत असता, आम्ही न विचारता त्यांनी सांगावयास प्रारंभ केला.

१९७१ च्या त्या हिवाळ्यात ते बारा वर्षांचे होते. थोरला भाऊ स्कर्दूस शिकत होता. सुट्टीला यावयाचा तो बर्फामुळे आठ दिवस थांबला. इकडे डोंगरावर गोळ्यांचा आवाज सुरू झाला, गावातील बायकामुलांनी ओढ्याच्या घळीत आसरा घेतला आणि शेजारच्या गल्लीतील पाकिस्तानी शिपाई रातोरात निघून गेले. सकाळी दुसरे शिपाई आले. “आम्हांस वाटले, आता कापतील,” आपो म्हणाले. “पण त्यांचा मेजर आमच्या बोलीशी मिळतीजुळती बोली बोलत होता. घरी जा, चुली पेटवा, कोणी हात लावणार नाही, असे तो म्हणाला. आणि कोणी लावला नाही. हे आपण लिहा.” ते आम्ही येथे लिहिले आहे.

भाऊ मात्र आला नाही. येऊ शकला नाही. स्कर्दूहून तुर्तुकास यावयाची वाट खापलूवरून श्योकच्या काठाकाठाने येते. ती वाट आजही जाग्यावर आहे, फक्त तिच्या मध्ये सुरुंग पेरलेले आहेत. सुरुवातीस वर्ष-दीड वर्ष काहीच कळले नाही. मग पत्रे येऊ लागली. एका पत्रास चार-सहा महिने लागत. वडील वारले त्याची बातमी भावास पोचली तेव्हा इकडे वर्षश्राद्धासारखा जो विधी करतात तोही होऊन गेला होता. भावाने तिकडेच संसार मांडला. एकदा, फक्त एकदा, दोघे भाऊ भेटले, ते मक्केस. दोघांनीही हजला एकाच साली जाण्याचे पत्रांनी ठरविले होते. “अडतीस वर्षांनी पाहिले. मी त्याला ओळखले नाही, त्याच्या चालण्यावरून ओळखले. आमचे वडील असेच चालत,” एवढे बोलून आपो पुन्हा बिया फोडू लागले.

आपोंच्या बोलण्यात कोणाविरुद्ध कडवटपणा नव्हता, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. कारण दुःखाची गोष्ट ऐकली की तिच्यातून आपल्या मतास सोयीचा निष्कर्ष काढण्याची आपणा शहरवासीयांस घाई असते. हिंदुस्थानात आल्यामुळे रस्ता आला, शाळा आली, दुखणेकऱ्यास लष्कराचा डॉक्टर मिळतो, मुलगा सैन्याच्या हमालीवर चार पैसे मिळवितो, नातू लेहास कॉलेजात आहे, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. परत जावयाचे आहे काय, असे स्नेह्यांनी जरा आगाऊपणेच विचारिले. “कोठे? मी घरीच आहे,” असे उत्तर आले. त्यांची तक्रार राज्याबद्दल नव्हती, दाराबद्दल होती. भिंत घालणारा शहाणा माणूस तिला दार ठेवतो. या भिंतीस ते नाही, आणि लढाईचे नाव निघाले की दोन्ही अंगांच्या नजरा भिंतीलगत राहणाऱ्यांवरच संशयाने खिळतात, एवढेच त्यांचे म्हणणे. कायद्याने भेटावयाचे तर तुर्तुकहून लेह, लेहहून दिल्ली, तेथे व्हिसा, मग पंजाबात अटारीचे फाटक, पलीकडे लाहोर, तेथून पुन्हा उत्तरेस स्कर्दू आणि स्कर्दूहून खापलू, असा अडीच-तीन हजार किलोमीटरांचा फेरा पडे. एप्रिल २०२५ मध्ये तेही फाटक बंद करण्यात आले.

तिसऱ्या दिवशी आम्ही थांगला गेलो. हे शेवटचे गाव. दहा-पंधरा घरे, थोडी शेते, आणि समोर खोऱ्याच्या वळणावर पलीकडच्या देशातील गावाची झाडे दिसतात. ती झाडेही जर्दाळूची आणि पॉप्लरचीच आहेत. थांगला एका उंचवट्यावर काही पोरे दुर्बिणी घेऊन बसतात आणि थोडे पैसे घेऊन पलीकडचे गाव दाखवितात. पोरांस आम्ही दोष देत नाही, त्यांस दुसरा धंदा तो कोणता असणार? परंतु दुर्बिणीस डोळा लावून “दिसला, दिसला, पाकिस्तान दिसला!” असे ओरडणारी माणसे पाहून आमच्या मनास कसेसेच झाले. पुण्यामुंबईकडील एक मोठे कुटुंब तेथे आले होते. लडाखात मराठी प्रवासी नाही असे ठिकाण सापडणे कठीण. त्यांतील एका बाईंनी बराच वेळ पाहून दुर्बीण खाली ठेविली आणि निराशेने म्हटले, “अहो, पण इथे तर आपल्यासारखंच आहे सगळं. एक बाई कपडे वाळत घालतीये.” त्या बाईंचे नाव आम्हांस ठाऊक नाही. त्या खोऱ्याविषयी आम्ही जे काही वाचले किंवा ऐकिले आहे त्यात इतके नेमके वाक्य दुसरे नाही. पलीकडच्या त्या गावात आपोंच्या एका आत्याचे घर आहे, हे आम्हांस आदल्या रात्री कळले होते; वाळत घातलेले ते कपडे कदाचित तिच्या नातसुनेचे असतील.

निघावयाच्या आदल्या रात्री आपोंनी एक पिशवी आमच्यापुढे ठेविली. आत शेरभर वाळलेले जर्दाळू होते, ‘रक्त्से कार्पो’ जातीचे, म्हणजे ज्यांची बी पांढरी असते ते. भावाचा मुलगा दुबईस नोकरीला आहे असे त्यांनी सांगितले. आमची एक भाची दुबईस राहते हे बोलण्याच्या ओघात आम्हीच त्यांस सांगून बसलो होतो. टपालाने का नको, असे आम्ही विचारिले. टपालाने एकदा पाठविले होते; ते पोचले नाही, आणि पाठविणाऱ्यास मात्र दोन वेळा बोलावून विचारपूस झाली, असे ते म्हणाले.

त्या रात्री आम्हा दोघांत वाद झाला. स्नेह्यांचे म्हणणे असे की परकी, त्यातही वैरी म्हणविणाऱ्या देशाच्या नागरिकास सीमेवरून आणलेली वस्तू पोचविणे हे आपले काम नव्हे. उद्या भाचीस त्रास झाला तर जबाबदार कोण? ते चुकीचे बोलत नव्हते. ज्या चौक्यांवर शिपाई उणे पंचवीस अंशात उभे राहतात त्यांच्या काळजीस काही अर्थ आहे, आणि प्रवाशाच्या क्षणिक उमाळ्यास तितका नाही, हेही खरे. आमचे म्हणणे एवढेच होते की पिशवीत जर्दाळू आहेत. मध्यरात्रीपर्यंत हे दोन पक्ष एकमेकांस पटवीत राहिले. शेवटी असे ठरले की पिशवी उघडून एकेक फळ पाहावे, भाचीस सारी हकीगत कळवून तिला मान्य असेल तरच पुढे पाठवावी, आणि वाटेत कोणी विचारिले तर खरे ते सांगावे. सकाळी पहिल्याच चौकीवर विचारिले. सामानात काय आहे? कपडे, पुस्तके आणि तुर्तुकचे जर्दाळू. शिपायाने पिशवीत हात घातला, एक तोंडात टाकला आणि दांडा वर केला.

भाचीने होकार दिला. पुण्याहून दुबईस कोणीतरी जाणारे मिळावयास तीन महिने लागले. तिचा आणि त्या मुलाचा परिचय फोनवर होऊन एका रविवारी तिच्या घराखाली ती पिशवी त्याच्या हाती पडली. त्याने वडिलांस खापलूस तसे कळविले. तिकडून निरोप आला तो त्याच वाटेने उलटा, खापलूहून दुबई, दुबईहून पुणे, पुण्याहून तुर्तुक. निरोप असा होता: फळे पोचली, गोड आहेत, पाटाच्या वळणावरचे झाड अजून फळते काय?

ते झाड आपोंनी दहा वर्षांपूर्वीच तोडिले होते. त्याच्या खोडाचा उंबरठा करून त्यांनी तो घरास बसविला आहे. आम्ही तीन दिवस त्यावरूनच आत-बाहेर करीत होतो, हे आपोंचे उत्तर आल्यावर कळले. ते उत्तर आम्ही भाचीकडे दिले, आणि तिने ते पुढे पाठविले.